रूपकातली होडी आणि पाण्यातली होडी

भावगीतांवरील तासाला शांता शेळके यांची कोळीगीते शिकवताना आमच्यापैकी एक जण गेली अनेक वर्षे ‘डोलकर’ या शब्दाचा अर्थ ‘लाटांवर डोलणारा’ असा सांगत आला. वर्गात कोणी हरकत घेतली नाही. घेणार कोण? वर्ग मराठवाड्यातला, शिकवणारा मराठवाड्यातला, आणि गाण्याचा ठेकाच असा की त्या तालावर हा अर्थ कोणालाही पटावा. त्या अर्थावर पुढे विवेचनाचा इमलाही चढला : लाटेची लय, शब्दांची लय, श्रमाची लय. त्या विवेचनाला परीक्षेत गुणही मिळत राहिले. वस्तुस्थिती अशी की ‘डोल’ हे जाळ्याचे नाव आहे. तोंडाशी रुंद आणि शेवटाकडे निमुळते होत गेलेले हे पिशवीसारखे जाळे समुद्रात एका जागी बांधून ठेवतात. भरती-ओहोटीचा ओघ त्यात मासळी लोटतो. ओघ मंदावला की जाळे उचलायचे. बोंबील आणि जवळा प्रामुख्याने याच जाळ्याने धरतात. डोल लावून मासेमारी करणारा तो डोलकर. म्हणजे लाटेवर झुलणारा कोणी भाववश माणूस नव्हे, तर पाण्याच्या वेळा मोजणारा, उधाण आणि भांग यांचा हिशेब डोक्यात ठेवणारा कसबी माणूस. गाण्यातला त्याचा रुबाब या कसबाचा आहे. आम्ही मात्र इतकी वर्षे त्याचा रुबाब काढून घेऊन त्याला नुसते डोलायला लावले होते.

ही चूक आम्हाला कोणत्याही कोशाने दाखवली नाही. कोश कपाटात होताच. तो उघडावा अशी शंकाच कधी आली नाही. ती दाखवली हर्णै बंदरातल्या एका तांडेलाने, आणि तीही ओघात, जाळी सुकत घातली होती तिथे उभे राहून. आम्ही गाण्याचा विषय काढला तेव्हा तो म्हणाला, “डोलीचं काम वर, वसई-मुंबईकडं जास्त. आमच्याकडं नाही तेवढं.” आमच्यातल्या शिक्षकाने हळूच विचारले, “डोलीचं म्हणजे?” त्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना त्याचा चेहरा कसा झाला हे आम्ही इतर तिघांनी पाहिले आहे. त्याविषयी अधिक लिहिणे मैत्रीला धरून होणार नाही.

आम्ही चौघे चिकलठाण्याचे. दोघे महाविद्यालयात शिकवतो, एक औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात फिटर आहे, एकाचे औषधांचे दुकान आहे. आमच्या डोक्यावरून विमाने उतरतात आणि शेजारून सुखना नदी जाते. पावसाळा सोडला तर ती वाहते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. समुद्राशी आमचा संबंध भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेल्या ७२० किलोमीटर किनाऱ्यापुरता, आणि अर्थातच कवितेपुरता. गेल्या माघात आम्ही दापोलीकडे गेलो तेव्हा शिडाच्या होडीत बसायचे एवढाच हेतू होता. शिडाच्या होड्या आता बंदरात जवळपास दिसत नाहीत. लाकडाची जागा फायबरने घेतली आहे आणि शिडाची जागा इंजिनाने. या तांडेलाजवळ मात्र वडिलांच्या वेळची एक लाकडी होडी होती. तिलाही इंजिन बसवलेले होते. पण डोलकाठी काढलेली नव्हती आणि शीड घडी करून घरात ठेवलेले होते. त्याने अट घातली : “शीड चढवायचं तर चार माणसं लागतात. तुम्ही पाहुणे म्हणून बसणार असाल तर इंजिनावर नेतो. शिडावर जायचं तर कामाला लागावं लागेल, मास्तर.” आम्ही चौघेही त्याच्या दृष्टीने मास्तरच होतो.

पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे आणि दुपारी खारा वारा सुटला की त्याच्यावर परत यायचे, असा बेत होता. जाताना सगळे सुरळीत झाले. सुवर्णदुर्गाचा तट डाव्या-उजव्या बाजूने दिसत राहिला आणि आम्ही काही काळ खरोखरच पाहुण्यांसारखे वागलो. कसोटी लागली ती परतताना. या तऱ्हेच्या होडीचे त्रिकोणी शीड एका लांब तिरक्या काठीला बांधलेले असते. होडीची दिशा बदलून वारा दुसऱ्या अंगावर घ्यायचा तर ती काठी शिडासकट डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला न्यावी लागते. त्या वेळी एकाने दोर सोडायचा, दुसऱ्याने ओढायचा, तिसऱ्याने काठीचे टोक सांभाळायचे, आणि हे सगळे एका क्षणी. तांडेल सुकाणूवरून ओरडला, “सोड!” वाऱ्यात तो शब्द आमच्या फिटर मित्राच्या कानी पडला तो “ओढ” असा. त्याने जीव खाऊन ओढला. होडी एका अंगावर कलली, काठावरून पाणी आत आले, आणि पुढच्या क्षणी दोर त्याच्या हातांतून सरसरत निसटला तो तळव्यांची कातडी घेऊनच. तांडेलाने सुकाणू वळवून होडी सावरली. रागावला नाही. फक्त म्हणाला, “सोड म्हंजे सोड. दर्यात दुसऱ्यांदा सांगायला वेळ नसतो.”

सोड आणि ओढ. दोन व्यंजनांचा फरक. यमकासाठी हे दोन शब्द शेजारी बसवणारे कवी आम्ही पुष्कळ वाचले आहेत. त्यांतल्या आसक्ती-विरक्तीच्या द्वंद्वावर आम्ही स्वतः लिहिलेही आहे. पण त्या दुपारी हे शब्द कशाचेही प्रतीक नव्हते. ती आज्ञा होती, आणि ती नीट ऐकू येण्यावर पाच माणसे कोरडी राहणार की नाही हे ठरणार होते. परतल्यावर, मित्राच्या हातांना पट्ट्या बांधताना, आमच्यात जो वाद सुरू झाला तो अद्याप संपलेला नाही. प्रस्तुत लेख हे त्या वादाचेच एक टिपण समजावे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : मराठी समीक्षेला आणि मराठीच्या अध्यापनाला होडी माहीत आहे ती केवळ रूपक म्हणून. भवसागर, नौका, नावाडी, पैलतीर ही संतकाव्याने दिलेली मांडणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की कवितेत होडी दिसताच आपण तिच्यातून उतरून थेट अर्थाच्या तीरावर जाऊन उभे राहतो. कुसुमाग्रजांच्या कोलंबसाचे जहाज म्हणजे मानवी जिद्द. सावरकरांचा सागर म्हणजे विरह आणि मातृभूमी. या वाचनांत चूक काहीच नाही. त्या कविता तशाच लिहिलेल्या आहेत. चूक तेव्हा होते जेव्हा आपण प्रत्येक होडी याच रीतीने वाचतो. आणि ज्या रचनेत होडी ही होडी आहे, जाळे हे जाळे आहे, तिथेही प्रतीक शोधत बसतो. पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची कथा मराठीत आणताना तिला ‘एका कोळियाने’ असे नाव दिले. क्रमिक पुस्तकातल्या, जाळे विणणाऱ्या कोळ्यावरच्या जुन्या कवितेची आठवण त्यात आहे आणि शीर्षक म्हणून ते फार सुंदर आहे. पण आमच्या विद्यार्थ्यांना त्या शीर्षकातला चिकाटीचा बोध चटकन सापडतो. म्हातारा दोर हातात कसा धरतो, पाठीवरून कसा घेतो, कधी ढिला सोडतो, या पानोपानी येणाऱ्या तपशिलाकडे मात्र ते ‘वर्णन’ म्हणून पाहतात आणि पुढे जातात. हात सोलवटून आलेल्या आमच्या मित्राने ते पुस्तक यंदा प्रथमच वाचले. त्याला कथा त्या दोरातच सापडली.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि आमच्यातल्याच एकाने तो घेतला : मग होडीवर न बसलेल्याने कोळीगीत वाचूच नये काय? अनुभवाचा असा परवाना मागणे साहित्याच्या मुळावर येणार नाही काय? त्याचे उत्तर शांता शेळके यांच्यापाशीच आहे. त्यांचा जन्म इंदापूरचा, म्हणजे घाटावरचा. त्यांनी कोळीगीते लिहिली ती जन्माच्या अधिकाराने नव्हे, कानाच्या अधिकाराने. शब्द जिथे वापरला जातो तिथला त्याचा नेमका अर्थ त्यांनी घेतला आणि तो गाण्यात शाबूत ठेवला. गडबड केली ती आम्ही, म्हणजे अर्थ लावणाऱ्यांनी. तेव्हा आमची मागणी अनुभवाच्या परवान्याची नाही. कवीने जेवढे कान दिले तेवढे तरी टीकाकाराने द्यावेत, एवढीच आहे.

अर्थात एका गीतकाराने कान दिले म्हणून सगळ्या वाङ्मयाचा हिशेब पुरा होत नाही. बंगालीत अद्वैत मल्लबर्मन या मालो मच्छीमार समाजातल्या लेखकाने तितास नदीवरची कादंबरी लिहिली. ती त्यांच्या निधनानंतर १९५६ साली पुस्तकरूपाने आली. त्याच वर्षी मल्याळममध्ये तकळी यांची ‘चेम्मीन’ आली आणि पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. मराठीत अनंत सामंत यांची ‘एम. टी. आयवा मारू’ आहे. पण ती मोठ्या व्यापारी जहाजावरची, वेगळ्या जगाची कादंबरी. तितासच्या शेजारी ठेवता येईल अशी, लाकडी होडीच्या आतून लिहिलेली कादंबरी आमच्या अभ्यासक्रमात आम्हाला भेटली नाही. तिच्या गैरहजेरीबद्दल वर्गात कधी प्रश्नही निघाला नाही, हे आम्हाला अधिक बोचते.

असे का व्हावे? एक कारण आमच्या मते आपल्या शब्दांतच दडलेले आहे. मराठीत ‘देश’ म्हणजे राष्ट्र, आणि ‘देश’ म्हणजे घाटावरचा मुलूखही. देश आणि कोकण ही आपली जुनी वाटणी. भालचंद्र नेमाडे यांनी देशीवादाची मांडणी केली तेव्हा त्यांना हा घाटावरचा संकुचित अर्थ अभिप्रेत नव्हता, हे उघड आहे. तरीही देशीवादावर गेली काही दशके जी चर्चा चालली तिची भाषा पाहावी : मूळ, माती, रुजणे, पेरणे, भुई. सगळी शेतीची. आम्ही शेतकऱ्यांची मुले असल्याने ही भाषा आम्हाला जवळची आहे. पण होडीवर देशी काय असते याचा विचार केला की ही भाषा अपुरी पडते. ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’वरून आलेला, ‘सुकाणू’ आणि ‘खलाशी’ अरबीतून, ‘दर्या’ आणि ‘बंदर’ फारसीतून. किनाऱ्यावरच्या माणसाच्या तोंडी असलेली अगदी घरची मराठी ही अशी पाण्यावरून आलेली आहे. तिथे देशी म्हणजे बाहेरच्याला दूर ठेवून राखलेले असे काही नव्हे. शतकानुशतके येणे-जाणे करून कमावलेले ते आहे. समुद्र वगळून केलेली देशीपणाची कोणतीही व्याख्या म्हणूनच आम्हाला अर्धी वाटते.

या दृष्टीने एकच शब्द पुरेसा बोलका आहे : ‘नांगर’. आमच्याकडे नांगर म्हणजे शेताचा. त्याचे नाते संस्कृत ‘लाङ्गल’ शब्दाशी. हर्णैला नांगर म्हणजे होडी थोपवून धरणारा. त्याच्यामागे फारसी ‘लंगर’ उभा आहे. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द मराठीत येऊन एकरूप झाले. एक जमिनीत घुसतो तो चालत राहण्यासाठी, दुसरा तळाशी रुततो तो थांबण्यासाठी. आम्ही हे तांडेलाला सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “आमचा हलला तर वाईट, तुमचा अडला तर वाईट.” व्युत्पत्तीच्या तासाला यापेक्षा चांगले वाक्य आम्ही ऐकलेले नाही.

होडीला होडी म्हणून पाहणारे गद्य मराठीत कधी नव्हतेच असेही नाही. १७१६च्या सुमाराचे रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ आपण राजनीतीचा ग्रंथ आणि गद्यशैलीचा नमुना म्हणून शिकवतो. त्यातले आरमाराचे प्रकरण काढून पाहावे. जहाजे फार मोठी नसावीत, फार लहानही नसावीत. लाकूड कोठून आणावे. आंबा-फणसाची झाडे आरमाराला उपयोगी असली तरी त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. तोडायचेच झाले तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. इथे जहाज आहे, जहाजामागे झाड आहे, झाडामागे ते लावणारा माणूस आहे. ही साखळी पुढे आपल्या वाचनातून तुटली.

आणि आम्ही घाटावरचे म्हणून समुद्र आमचा विषय नाही, ही सबबही आम्हाला घेता येत नाही. आमच्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात, उंच शिडे उभारलेले एक जहाज रंगवलेले आहे. ते पूर्णाच्या कथेशी जोडले जाते. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. पुढे भिक्षू झालेला. चंदन आणायला गेलेल्या त्याच्या भावाचे जहाज वादळात सापडते आणि पूर्ण ते वाचवतो. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या पोटात, पाचव्या शतकातल्या चित्रकाराने जहाज काढले ते निव्वळ भवसागराचे प्रतीक म्हणून काढले असे मानायचे, तर त्याने पाण्याचे घडे इतक्या निगुतीने का मांडले असते? त्याच्याही आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तेर यांची नावे येतात. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. आणि इथला माल गाड्यांवर लादून बंदराकडे जाई. म्हणजे आमचा बैल आणि त्यांचे शीड हे एकाच व्यवहाराचे दोन टप्पे होते.

अजिंठ्याच्या त्या चित्रावरून अलीकडे एक खरे जहाज बांधले गेले. ‘कौंडिण्य’ हे त्याचे नाव. फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोराने शिवलेले हे जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले, डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून मस्कतकडे निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये तिथे पोहोचले. या प्रकल्पाभोवतीच्या गौरवाच्या भाषेशी आम्हाला कर्तव्य नाही. साहित्याचे वाचक म्हणून आम्हाला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. जुने आराखडे उपलब्ध नव्हते. होते फक्त चित्र. बांधणाऱ्यांना त्या चित्राला प्रश्न विचारावे लागले : शीड कशाला बांधले आहे, सुकाणूचे वल्हे कोणत्या अंगाला आहे, हा आकार पाण्यात तरेल कसा? उत्तर चुकले तर जहाज बुडणार होते. कलाकृतीचे इतके जबाबदार वाचन आपण शेवटचे कधी केले? आमचे वाचन चुकले तर काहीच बुडत नाही. ‘डोलकर’चा अर्थ आम्ही चुकवला आणि वर्षानुवर्षे कोरडे राहिलो.

तेव्हा करायचे काय? मोठ्या योजना सुचवण्याचा आम्हाला अधिकार नाही. परंतु मराठीच्या विभागांनी एवढे तरी करावे असे वाटते : किनाऱ्यावरचे असोत की नदीवरचे, होडीवरचे शब्द वाक्यासकट टिपून ठेवावेत, कोण म्हणतो, कोणाला, कोणत्या वेळी. सुटा शब्द कोशात जाऊन बसतो. वाक्य असेल तर तो पुन्हा बोलता येतो. आम्ही हे तांडेलाला मोठ्या उत्साहाने सांगितले. तो होडीच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवत होता. मान वर न करता तो म्हणाला, “तुम्ही शब्द लिहून न्याल. होडी कोण नेणार?” त्याचा मुलगा मोठ्या यांत्रिकी बोटीवर कामाला आहे. त्याच्या कामात शीड नाही, म्हणून शिडाचे शब्दही नाहीत. या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि शब्दसंग्रह हे त्याचे उत्तर आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याचे काम जाते त्याच्या शब्दांचे आपण जतन करतो, यातला दिलासा मुख्यतः आपल्यालाच असतो. तरीही टिपून ठेवणे न ठेवण्यापेक्षा बरे, एवढ्यावर आम्ही चौघे एकमत झालो.

परत आल्यावर आमच्यातल्या शिक्षकाने पहिल्याच तासाला फळ्यावर ‘डोलकर’ लिहिले आणि इतकी वर्षे आपण चुकीचे शिकवले हे सांगितले. जाळ्याचे वर्णन करताना तो अडखळला. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. वर्षभर तो वर्गात बोललेला नव्हता. त्याच्या आजोबांचे गाव जायकवाडीच्या पाण्याखाली गेले; घरचे भोई, नाथसागरात मासे धरतात, होडी परवडत नाही तेव्हा थर्माकोलच्या चप्पूवरून. डोल त्याने पाहिलेली नव्हती. पण पाण्यात जाळे कसे ठरते, कोणत्या वाऱ्याला ते गुंडाळते, दोन माणसांत कोणी काय धरायचे, हे तो पंधरा मिनिटे सांगत राहिला. त्याचे बरेच शब्द शिक्षकाला कळले नाहीत. त्याने ते विचारून घेतले आणि वहीत लिहिले.

चिकलठाण्याहून पैठण पन्नासेक किलोमीटर आहे. आम्ही मात्र आधी हर्णैला जाऊन आलो.